एका नावावर दोन पट्ट्या

सुहासिनी हंगे आणि मी एकाच वर्षी कंपनीत लागलो, म्हणून आमचं अरे-तुरे. माझं टेबल खरेदी विभागात, तिचं प्लॅनिंगला, आणि मध्ये छातीएवढी काच. त्या काचेवरून आमची डब्यातल्या भाज्यांची देवाणघेवाण चालायची. तिच्या डब्यात येसराची आमटी असली की आमच्या विभागातले एक-दोघे उगाच कागद हातात घेऊन तिच्या टेबलाभोवती घुटमळायचे.

ती मूळची अंबाजोगाईची. डिप्लोमा झाला, लग्न झालं आणि आकुर्डीला आली. नवरा मधुसूदन तिथल्याच एका कॉलेजात शिकवतो. सुरुवातीला ती आमच्याकडे तपासणीला होती. शॉपमध्ये उभं राहून जॉब मोजायची, त्यामुळे कोणतं मशीन कसं चालतं आणि कोणता माणूस कसा चालतो हे तिला तिथंच कळलं. पुढे कंपनीनं प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर घेतलं आणि ते चालवणार कोण, असा प्रश्न आला, तेव्हा तिला त्या खुर्चीवर बसवलं. ती बसली ती बसलीच.

आमची कंपनी चाकणला, म्हाळुंग्याच्या बाजूला. मोटारींचे पत्र्याचे भाग जोडणाऱ्या वेल्डिंगच्या लाइनी आम्ही बनवतो. रोबो, त्यांच्यापुढे पत्रा धरून ठेवणारी फिक्स्चरं, वायरिंग, सगळं. लाइन आधी आमच्या शॉपमध्ये जुळवायची, चालवून दाखवायची, मग सोडवून कस्टमरच्या कारखान्यात नेऊन पुन्हा उभी करायची.

सुहासिनीच्या स्क्रीनवर यातलं प्रत्येक काम म्हणजे कॅलेंडरवर आडवी पडलेली एक पट्टी. डिझाइनची पट्टी संपली की मालाची, मालाची संपली की मशीनिंगची. अशा एकापुढे एक लावत बसलं तर एका लाइनीला वर्ष जाईल. तेवढा दम कस्टमरला नसतो. म्हणून पट्ट्या एकमेकींवर चढवायच्या. डिझाइन निम्मं झालं की जाड प्लेटांची ऑर्डर सोडून द्यायची, पहिली फिक्स्चरं उभी राहिली की बाकीची व्हायच्या आत त्यांचं वायरिंग सुरू करायचं. याला आमच्याकडे ओव्हरलॅप म्हणतात, आणि सुहासिनीचा त्यात हातखंडा होता. कशावर काय चढवलं तर चालतं आणि कशावर काय चढवलं तर अंगाशी येतं, हे तिला बरोबर कळायचं. एकदा ती माहेरी गेली असताना कुणीतरी रंगकाम आणि वायरिंग एकाच आठवड्यात लावलं. रंगाऱ्यानं फ्रेमबरोबर सेन्सरही पिवळेधमक करून टाकले. ती परत आली तर पोरं थिनरच्या चिंध्या घेऊन सेन्सर पुसत बसलेली.  ती खुर्चीत बसली, वायरिंगची पट्टी धरली आणि पुढे सरकवली.

तिचा प्लॅन दर सोमवारी सगळ्यांना, अगदी कस्टमरलाही, मेलनं जायचा आणि खाली तिचं नाव असायचं. त्यामुळे शॉपमध्ये सगळ्यांची अशी समजूत, की कोणी कुठं जायचं, कोणी रविवारी यायचं, हे सगळं सुहासिनी मॅडम ठरवतात. माणसं तिला रस्त्यात गाठून विनवण्या करायची. ती हसून म्हणायची, "अहो, मी फक्त मांडते. ठरवणारे वर बसलेत." पण ते कुणाला पटायचं नाही. मेलखाली नाव तिचं होतं ना.

गणराज टाकळकर आमच्याकडे कमिशनिंगला होता. लाइन उभी राहिली की तिच्यात जीव ओतणारा माणूस म्हणजे कमिशनिंगवाला. रोबोला हालचाली शिकवायच्या, कंट्रोलमध्ये प्रोग्रॅम भरायचा, आणि लाइन मध्येच रुसून बसली तर का रुसली ते शोधायचं. गणराज राजगुरुनगरचा, घरची थोडी शेती, आयटीआय करून पुढे शिकलेला. उंच, बोलायला मोकळा, आणि चहाला कधी नाही न म्हणणारा. पूर्वी हे काम करणारे तिघं होते. एक जर्मनीला गेला, दुसऱ्याला भोसरीच्या दुसऱ्या कंपनीनं उचललं. उरला गणराज, आणि हाताखाली नवी आलेली वर्षाली. वर्षाली हुशार होती, पण एकटीला साइटवर सोडण्याइतकी तयार नव्हती.

त्या वर्षी दोन मोठ्या लाइनी होत्या. एक तळेगावच्या कस्टमरची, दुसरी रांजणगावच्या. सुहासिनीनं त्या नीट एकामागे एक मांडल्या होत्या. गणराज तळेगाव संपवणार, घरी चार दिवस राहणार आणि मग रांजणगावला जाणार. पण तळेगाववाल्यांनी अर्ध्यातच गाडीचा एक पत्रा बदलला. नवी ड्रॉइंगं यायला पावसाळा निम्मा सरला. ती आली तेव्हा त्यांची पट्टी सरकत सरकत बरोबर रांजणगावच्या पट्टीवर येऊन बसली होती. आणि उशीर त्यांच्यामुळे झाला असला, तरी शेवटची तारीख मात्र ते सोडायला तयार नव्हते.

स्क्रीनवर गणराजचं नाव लाल झालं. एकाच माणसाच्या नावावर एकाच वेळी दोन पट्ट्या आल्या की ते सॉफ्टवेअर असं करतं. त्यातच एक बटण आहे. ते दाबलं की मशीन आपणहून दुसरी पट्टी उचलून पहिलीच्या पुढे नेऊन ठेवतं. सुहासिनीनं ते दाबलं. लाल गेलं, पण रांजणगावची लाइन ठरल्या तारखेच्या पार पुढे निघून गेली. लॅपटॉप तसाच उघडा घेऊन ती सलिलकडे गेली. सलिल आमचा प्रोजेक्ट हेड. आमच्यापेक्षा वयानं लहान, सदानकदा कानाला फोन. मी मालाच्या कामासाठी त्याच केबिनमध्ये बसलो होतो, म्हणून पुढचं सगळं माझ्यासमोर झालं.

"सर, माणूस एक आहे. दोन्हीकडे कसा जाईल?"

सलिलनं स्क्रीन पाहिली. "रांजणगाव पुढं जाऊन चालणार नाही, मॅडम. आधीचं परत आणा."

"परत आणलं तर लाल होतं."

"मग ओव्हरलॅप करा. तुम्हाला काय मी शिकवायचं?"

"कामं ओव्हरलॅप होतात, सर. माणूस कसा करू?"

 सलिलनं तिच्याकडून लॅपटॉप स्वतःकडे वळवून घेतला. गणराजच्या नावावर दोनदा टिचकी मारली. तिथं एक रकाना असतो, हा माणूस किती टक्के मिळणार याचा. त्यात शंभर होतं. सलिलनं ते पुसून दोनशे लिहिलं. लाल गेलं. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर शांत पडून राहिल्या, हिरव्यागार.

"झालं," तो म्हणाला. त्यालाही ते बोलताना बरं वाटलं नसावं, कारण लगेच म्हणाला, "मॅडम, दोन्ही तारखा वरून दिल्या गेल्यात. मला तरी कोण विचारतंय? आपण करू काहीतरी. आत्ता हा प्लॅन जाऊ दे."

सोमवारी तो प्लॅन गेला, सुहासिनीच्या नावानं.

पण ती गप्प बसली नाही, हे सांगितलं पाहिजे. तिनं आधी तळेगावच्या कस्टमरला फोन लावला. तिथल्या साहेबानं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, तुमचा प्लॅन तर हिरवा दिसतोय. जर्मनीला गेलेल्या त्या पोराला तिनं मेसेज केला, घरबसल्या मदत करशील का म्हणून. त्यानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. पिंपळे सौदागरचे एक निवृत्त गृहस्थ कंपन्यांना सल्ला द्यायला जातात असं मी कुठूनतरी काढलं, तर त्यांना हा नवा कंट्रोल माहीत नव्हता. त्यांनी ते सरळ सांगितलं, आणि वर तिला चहा पाजून पाठवलं. शेवटी तिनं वर्षालीला लवकर तयार करायचं म्हटलं. पण वर्षालीला शिकवणार कोण? गणराजच. तिच्या शिकण्याची पट्टी टाकायला गेलं की तीही गणराजच्याच नावावर येऊन पडायची.

"याच्याकडून काहीही मागितलं तरी ते त्याच्याच डोक्यावर येतं रे," ती काचेवरून मला म्हणाली. "सोडवायला जावं तर गाठ आणखी बसते."

गणराजनं ते सगळं हसण्यावारी नेलं. शॉपमध्ये पोरांनी त्याचं नावच 'दोनशे टक्के' पाडलं. कॅन्टीनमध्ये तो आला की कुणीतरी ओरडायचं, "अरे, दोन ताटं लावा, दोनशे टक्के आलेत!" तोही दोन बोटं वर करून दाखवायचा. सकाळी तळेगावला जायचा, दुपारनंतर रांजणगावला. कधी उलट. मध्ये तळेगाव-चाकण-शिक्रापूर हा रस्ता, कंटेनरच्या रांगांचा आणि खड्ड्यांचा. कंपनीची गाडी होती, पण ती दोन्हीकडची माणसं घेत फिरत फिरत जायची, म्हणून त्यानं मोटारसायकल पसंत केली.

एक दिवस तो तिच्या टेबलापाशी आला. हेल्मेट काखेत, डोळे तांबारलेले.

"मॅडम, एक काम होतं. येत्या गुरुवारी मला कुठं टाकलंय?"

"सकाळी तळेगाव, मग रांजणगाव. का रे?"

"बायकोचं डोहाळजेवण हाय. आई म्हणती, तू नसशील तर लोक काय म्हणतील. एवढा एक दिवस मोकळा करा ना."

सुहासिनीनं त्याच्यादेखत त्याच्या कॅलेंडरमध्ये गुरुवारी सुट्टी टाकली. "जा. निवांत जा," ती म्हणाली. तो खूश होऊन गेला. जाताना माझ्याही टेबलावर थाप मारून गेला.

त्या एका सुट्टीनं काय झालं, तर दोन्ही लाइनींच्या पुढच्या सगळ्या पट्ट्या एकेक दिवस सरकल्या आणि तळेगावची शेवटची तारीख हुकल्याचं सलिलच्या स्क्रीनवर दिसलं. त्यानं तिला बोलावलं नाही, रागावलाही नाही. आपल्या लॉगिनमधून ती सुट्टी काढून टाकली आणि गणराजला फोन करून सांगितलं, गुरुवारी तळेगावला डायरेक्टर येणार आहेत, तू हवास. सुहासिनीला हे कळलं ते गुरुवारी दुपारी, फोन आला तेव्हा.

फोन निशिगंधाचा होता, गणराजच्या बायकोचा. नंबर तिनं नवऱ्याच्या मोबाइलमधून कधीतरी उतरवून घेतला असावा. मागून बायकांची गाणी ऐकू येत होती. सुहासिनीनं घाबरून फोन उचलला आणि काचेपलीकडून माझ्याकडे बघत राहिली.

"ताई, तुम्हीच ना त्या, यांना कुठं पाठवायचं ते ठरवता?"

"मी... हो, प्लॅन मी करते. पण मी आज सुट्टी दिली होती गं त्याला."

"मग ते आले का नाहीत? सगळी माणसं जमलीत. फुलांचा झोपाळा बांधलाय. मी ताटकळत बसले." तिचा आवाज चढला नाही, उलट उतरत गेला. "ताई, घरी येतात तेव्हा जेवताना डोळे मिटतात त्यांचे. हातात घास तसाच राहतो. तुम्ही एकदा घरी येऊन बघा. आणि मग ठरवा."

बोलता बोलता सुहासिनीनं त्याचं कॅलेंडर उघडलं होतं; आजची सुट्टी तिथं नव्हती. तिला खूप काही सांगायचं होतं. ते सॉफ्टवेअर, ते दोनशे, ती काढून टाकलेली सुट्टी. यातलं एकही सांगण्यासारखं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "मी बोलते वर." पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

ती वर बोलली. सलिल म्हणाला, "मॅडम, मला माहीत नाही का? एवढा महिना जाऊ द्या. दोन्ही लाइनी हॅंडओव्हर झाल्या की त्याला मोठी सुट्टी देऊ, बाळंतपणाला घरी राहील." त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती, असं तीही म्हणते. त्याचा स्वतःचा त्यावर विश्वास होता.

मग ती एच.आर.कडे गेली. तिथल्या बाईंनी विचारलं, गणराजची लेखी तक्रार आहे का? तिनं गणराजला गाठून विचारलं. तो म्हणाला, "कशाला मॅडम? साहेबांनी बाळंतपणाला सुट्टी कबूल केलीय. आत्ता तक्रार केली तर तीबी जायची."

त्यानंतर सुहासिनी बोलायची कमी झाली. डबा उघडायची आणि तसाच बंद करायची. सोमवारचा प्लॅन पाठवायच्या आधी बराच वेळ माउसवर हात ठेवून बसून राहायची. मी एकदा म्हणालो, "पाठवू नकोस या आठवड्यात." ती म्हणाली, "मी नाही पाठवला तर सलिल पाठवील. फरक काय?"  

अपघात सकाळी झाला. गणराजनं रात्रभर जागून रांजणगावला ट्रायल उरकली होती, घरी जाऊन अंघोळ केली होती, आणि आठ वाजता तळेगावला पोचायचं म्हणून निघाला होता. चाकणच्या पुढे, खालुंब्र्याच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला एक कंटेनर बंद पडून उभा होता. मागं लाल त्रिकोण लावलेला होता, क्लीनर हात दाखवत उभा होता, उजेड होता, पाऊस नव्हता. क्लीनरनं पोलिसांना सांगितलं की या माणसानं ब्रेक दाबलाच नाही. सरळ आला. जणू पुढं काही नव्हतंच.

डावा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत तीन जागी मोडला. खांदा निखळला. हेल्मेट होतं म्हणून जीव वाचला.

आम्ही चाकणच्या हॉस्पिटलात गेलो तेव्हा त्याला ऑपरेशनला नेलं होतं. बाहेर बाकावर त्याची आई शालनबाई बसली होती, पदराचं टोक तोंडात धरून. शेजारी निशिगंधा, आठवा सरत आलेला, पाय सुजलेले, भिंतीला टेकून. सुहासिनी तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. मी मागे थांबलो.

"मी सुहासिनी," ती म्हणाली.

निशिगंधानं मान वर केली.  मला वाटलं, आता ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शालनबाईंना म्हणाली, "आत्या, यांना बसायला जागा द्या." आणि तोंड फिरवून भिंतीकडे बघायला लागली.

शालनबाई सरकल्या. "बसा बाई. पोरगं वाचलं म्हना. देवानं राखलं." सुहासिनी बसली. ऑपरेशन संपेपर्यंत बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी मीटिंग लागली. तळेगावचे लोक ऑनलाइन होते, रांजणगावचेही होते. सलिलचा चेहरा उतरला होता, आवाज बसला होता. त्यानं काय घडलं ते सांगितलं आणि म्हणाला, दोन्ही तारखा पाळणं आता शक्य नाही.

तळेगावचा साहेब म्हणाला, "ओह. फार वाईट झालं. काही हरकत नाही, आम्ही महिनाभर थांबू शकतो."

रांजणगावचा त्याहून पुढचा. म्हणाला, "खरं सांगायचं तर आमच्या नव्या शेडला विजेचं कनेक्शनच अजून मिळालेलं नाही. लाइन आणलीत तरी चालवता आली नसती. तुम्ही सावकाश या."

सगळ्यांनी गणराजला लवकर बरं वाटो असं म्हटलं आणि मीटिंग संपली. चहा गार व्हायच्या आत संपली. ज्या तारखांसाठी सुहासिनीनं सगळे उंबरे झिजवले होते, त्या दोन वाक्यांत सरकल्या.

सलिल म्हणाला, "मॅडम, प्लॅन अपडेट करून टाका." सुहासिनी टेबलापाशी आली. तिनं रांजणगावची पट्टी धरली आणि तळेगावच्या पुढे नेऊन ठेवली, अगदी सुरुवातीला होती तशी. मग गणराजचं नाव काढलं, कारण त्या जागी आता माणूसच नव्हता. दोन्ही पट्ट्या बिननावाच्या राहिल्या. मी काचेवरून विचारलं, "पाणी हवंय का?" तिनं नको म्हणून मान हलवली. मग उठून वॉशरूमकडे गेली, आणि परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

पुढच्या आठवड्यात तिनं बदली मागितली. पुन्हा तपासणीला द्या, पगार आहे तोच ठेवा. सलिलनं ती विनंती वर पाठवली. वरून उत्तर आलं की अनुभवी प्लॅनर मिळेपर्यंत थांबा. जाहिरात निघाली नाही. मग तिनं मागितलं की मेलखालचं माझं नाव तरी काढा. तर ते नाव सॉफ्टवेअरमधून आपोआप येतं आणि काढायचं झालं तर मुंबईच्या ऑफिसला कळवावं लागतं, असं कळलं. तिनं कळवलं. त्याचंही पुढं काही झालं नाही.

मधुसूदन तिला म्हणाला, सोडून दे नोकरी. तिनं दोन ठिकाणी मुलाखती दिल्या. दोन्हीकडे हेच सॉफ्टवेअर, हेच काम. एका ठिकाणी तर मुलाखत घेणाऱ्यानं कौतुकानं विचारलं, "टाइट डेडलाइन असली की ओव्हरलॅपिंग कसं करता, जरा उदाहरण द्या." ती म्हणाली, मला बरं वाटत नाहीये, आणि उठून आली. आल्यावर मला सांगताना हसत होती, पण ते हसू बघवत नव्हतं.

तळेगावची लाइन शेवटी वर्षालीनं सुरू केली. पोरीनं खरंच जीव तोडून केली. गणराज हॉस्पिटलच्या खाटेवरून व्हिडिओ कॉल करून तिला सांगायचा, ती करायची. लाइन चालली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग रांजणगावही तिलाच मिळालं, आणि त्यामागून औरंगाबादकडची एक ऑर्डर आली, तीही. तिचं नाव लाल झालं त्या दिवशी सुहासिनीनं तिला टेबलापाशी बोलावलं.

"हे बघ, तू नाही म्हण. तू स्वतः म्हटलंस तर ऐकतील. लेखी दे. मी मसुदा करून देते."

वर्षाली गोंधळली. "पण मॅडम, मला हवंय ते. एवढ्या लवकर दोन लाइनी कुणाला मिळतात? मी करीन मॅनेज. आणि मी गाडीवर नाही जाणार, कंपनीच्या गाडीनं जाईन, तुम्ही काळजी करू नका."

 त्या सोमवारी सुहासिनीनं ते लाल तसंच ठेवून प्लॅन पाठवला. दुपारी सुधारित प्लॅन आला. लाल नव्हतं. खाली नाव सुहासिनीचंच होतं.

गणराजच्या मुलीचं बारसं दिवाळीनंतर राजगुरुनगरला झालं. तोवर तो कुबडी घेऊन चालायला लागला होता. पाय दोन बोटं आखूड राहिला आणि आता साइटचं काम जमणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कंपनीनं त्याला ऑफिसात बसून प्रोग्रॅम लिहायचं काम दिलं. त्याचं त्याला दुःख होतं. मशीन हलताना बघितल्याशिवाय प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे आंधळ्यानं रांगोळी काढायची, असं तो म्हणायचा. पण बारशाला त्यानं सगळ्यांना आग्रहानं बोलावलं होतं. सुहासिनीला तर स्वतः फोन करून. तिला जायचं नव्हतं. मी म्हणालो, माझ्या गाडीतून चल, लगेच परत येऊ.

दारात गणराज उभा होता. "या मॅडम, या!" त्याच्या आवाजात जराही किंतू नव्हता. तो सगळ्यांना ओळख करून देत होता, "ह्या आमच्या मॅडम. माझ्यासाठी लई भांडल्या." सुहासिनी ते ऐकून आणखीच अंग चोरून घेत होती.

निशिगंधानं आल्या-गेल्या बायकांना हळदीकुंकू लावलं, तसं सुहासिनीलाही लावलं. व्यवस्थित लावलं, ओटीत नारळ घातला, आणि पुढच्या बाईकडे वळली. नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटल्या. शालनबाईंनी पाळण्यातून बाळ उचललं आणि फिरवता फिरवता, कुणाला काही कळायच्या आत, सुहासिनीच्या मांडीवर ठेवलं. "घ्या बाई, तुमच्याबी मांडीवर घ्या एकदा."

सुहासिनीनं दोन्ही हातांनी बाळाला सावरलं. बाळ जागं होतं. तिचं बोट पकडून वर बघत होतं. किती दिवसांनी मी सुहासिनीचा चेहरा असा सैल झालेला पाहिला. ती खाली वाकून काहीतरी पुटपुटत होती.

निशिगंधा स्वयंपाकघरातून बाहेर आली. क्षणभर थांबली. मग सरळ चालत आली, वाकली आणि बाळाच्या मुठीतून सुहासिनीचं बोट अलगद सोडवलं. "तिची दुधाची वेळ झाली," असं म्हणून बाळाला उचलून आत घेऊन गेली. बोलताना तिच्या स्वरात राग नव्हता. तिनं सुहासिनीकडे पाहिलंही नाही.

शालनबाई ओशाळल्या. "पोरगी तशी मनानं चांगली हाय," त्या म्हणाल्या. सुहासिनी म्हणाली, "माहीत आहे मला." तिचे हात तसेच मांडीवर उताणे पडले होते. कुणीतरी त्यात चहाचा कप दिला, तो तिनं प्यायला.

परतताना नाशिक रस्त्याला नेहमीसारखीच गाड्यांची रांग लागली होती.  चाकणच्या चौकात गाडी अडकली तेव्हा ती काचेबाहेर बघत म्हणाली, "मुलगी वजनाला चांगली आहे रे." मी हो म्हणालो.